बुडत्या बोटीचे दृश्य : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

पटकथेतील बोट बुडण्याच्या प्रसंगाचे आज कामाच्या दृष्टीने चार तुकडे पाडले: बाहेरून दिसणारी संपूर्ण बोट, आतल्या अरुंद मार्गिकेत घुसणारे पाणी, कलत जाणारे भोजनगृह आणि शेवटी पाण्याखाली जाणारी पिछाडी. हे सारे प्रत्यक्ष पाण्यात चित्रित करायचे आणि संगणकाची मदत तारा पुसण्यापुरती व आभाळ जोडण्यापुरतीच घ्यायची, असे दिग्दर्शकांनी ठरवले आहे. मला हा निर्णय मनापासून पटतो. छातीवर पाणी आदळल्यावर माणसाचा श्वास ज्या तऱ्हेने अडतो, ते तसेच्या तसे अभिनयाने आणणे फार कठीण असते. मात्र त्याच कारणामुळे पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची जबाबदारी आमच्या विभागावर येते, आणि ती नियोजनाच्या पहिल्या दिवसापासून पाळावी लागते.

कथेतील बोट वाफेवर चालणारी, १२८ मीटर लांबीची आणि सुमारे ८,००० टन विस्थापनाची (म्हणजे तेवढ्याच एकूण वजनाची) प्रवासी बोट आहे. ती नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, बुडते.

९ जानेवारी

बाहेरच्या दृश्यांसाठीच्या छोट्या प्रतिकृतीचे प्रमाण आज ठरले: १६ ला १. म्हणजे आमची बोट ८ मीटर लांब असेल. याहून लहान प्रतिकृती स्वस्तात झाली असती, पण पाण्याच्या दृश्यात ती तोकडी पडते. लाकूड, पत्रा, दोरखंड, माणसे या सर्व गोष्टी प्रमाणात लहान करता येतात. पाणी लहान करता येत नाही. बोट कितीही छोटी केली तरी तिच्यावरून उडणारा थेंब काही मिलिमीटरांचाच राहतो, कारण त्याचा आकार पृष्ठताण ठरवतो. १६ पट प्रमाणात ३ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर जवळजवळ ५ सेंटिमीटरचा भासतो आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी फसवणूक जाणवते. पाण्यावरच्या तरंगांचेही तसेच आहे. साधारण १.७ सेंटिमीटरहून कमी लांबीच्या तरंगांवर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाची हुकमत अधिक चालते, आणि ते मोठ्या लाटांसारखे वागत नाहीत.

वेळेचे गणित त्या मानाने सरळ आहे आणि ते विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याच्या कामावर उभे आहे. त्याने १८७२ मध्ये टॉर्की येथे बोटींच्या प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी टाकी उभारली होती. लाटा आणि गुरुत्वाकर्षण यांच्या दृष्टीने प्रतिकृती आणि मूळ बोट सारखी वागायची असेल, तर वेळ लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलतो. १६ चे वर्गमूळ ४. म्हणून आमच्या टाकीत सगळे चौपट वेगाने घडेल आणि सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम्स घेतल्या की ते पडद्यावर खऱ्या बोटीच्या संथपणाने दिसेल. वजनाचे प्रमाण लांबीच्या घनाने, म्हणजे ४,०९६ पटींनी उतरते; त्यामुळे योग्य पाणरेषेवर तरंगण्यासाठी प्रतिकृतीचे एकूण वजन दोन टनांच्या किंचित आत यायला हवे.

या हिशोबातून निघालेली एक गोष्ट साऱ्या चमूला आजच सांगितली. पडद्यावर ४० सेकंद चालणारे बुडणे टाकीत १० सेकंदांत उरकणार आहे. टेक सुरू झाल्यावर सूचना द्यायला किंवा काही दुरुस्त करायला वेळच नसेल.

१७ जानेवारी

टाकी ठरली. उथळ भागाची खोली ३ मीटर असून मध्ये ६ मीटर खोलीचा खड्डा आहे. पिछाडी उभी होऊन खाली जाण्यासाठी तो आवश्यकच होता. कॅमेऱ्याच्या समोरची कड पाण्याच्या पातळीला बारीक जुळवली असून तिच्यावरून पाणी सतत मागे सांडत राहील, म्हणजे भिंत न दिसता क्षितिज दिसेल. बाकीच्या कडांना उतरत्या जाळ्या लावल्या आहेत. त्या नसतील तर लाटा भिंतीवर आपटून परत फिरतात आणि भर समुद्रात कुठूनशा उलट्या लाटा येताना दिसतात.

प्रतिकृतीची डावी बाजूच पूर्ण तपशिलाने करायची असेही ठरले. १९९७ च्या 'टायटॅनिक' चित्रपटासाठी बांधलेल्या जवळपास पूर्ण आकाराच्या बोटीचीही एकच बाजू केली होती आणि दुसऱ्या बाजूची दृश्ये चित्र उलटे करून मिळवली होती. आम्हाला दुसऱ्या बाजूची गरजच नाही. तिथला वाचलेला वेळ पाणी आत घेण्याच्या आणि हवा बाहेर सोडण्याच्या मार्गांवर खर्च होईल.

२ फेब्रुवारी

फायबरचे कवच साच्यातून बाहेर आले. आज दिवसभर आतल्या कप्प्यांच्या आखणीवर काम केले आणि ही नोंद मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

बोट बुडते ती पाणी आत शिरले म्हणून, असे आपण सहज म्हणतो. प्रतिकृती बुडवणाऱ्याला मात्र हवेपासून सुरुवात करावी लागते. बाहेर जाण्याचा मार्ग मिळाला नाही तर हवा कप्प्याच्या छताखाली अडकते, पाणी अर्ध्यावर थांबते आणि बोट बुडायचे सोडून बुचासारखी वर-खाली होत राहते. प्रतिकृतीच्या बुडण्याचा वेग, तिचा तोल, शेवटच्या क्षणी तिने घेतलेली उसळी हे सगळे हवेच्या बाहेर पडण्यावर ठरते.

पुढच्या कप्प्यांत १० सेकंदांत सुमारे ८०० लिटर पाणी शिरायला हवे, म्हणजे सेकंदाला ८० लिटर. आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीत सरासरी २० सेंटिमीटरचा फरक धरला तर छिद्रातून पाणी सेकंदाला २ मीटरच्या आसपास वेगाने येते, पण कडांवरच्या आकुंचनामुळे प्रत्यक्ष उपयोगी पडतो त्यातला सुमारे ६० टक्केच. त्यावरून छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौरस मीटर निघते. १० सेंटिमीटर व्यासाची नऊ छिद्रे केली की ते भागते. ही नऊही छिद्रे पाणरेषेखाली आहेत. त्यांवरच्या झडपा एकाच तारेने ओढल्या जातील, पण तारेवरच्या गाठींची अंतरे कमी-जास्त ठेवल्यामुळे त्या नाळेकडून मागे क्रमाने उघडतील.

हवेसाठी त्याच्या एक दशांश क्षेत्रफळ ठेवले आहे. हवा पाण्याहून कितीतरी हलकी असल्याने कमी जागेतूनही वेगाने निघून जाते. मार्ग याहून मोठे केले असते तर बुडणे अधिक सुरळीत झाले असते, पण तसे मुद्दामच केले नाही. मार्ग किंचित अरुंद असले की डेकवरच्या वायुवाहिन्यांच्या तोंडातून हवा जोराने फुटते, आणि खऱ्या बोटीतही खालून पाणी चढताना आतली हवा अशीच मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. या वाहिन्यांच्या तळाशी अगदी बारीक पांढरी पूड ठेवणार आहोत, म्हणजे ती हवा डोळ्यांना दिसेल.

मधल्या एका कप्प्यात बोटीच्या लांबीच्या दिशेने जाणारी भिंत घातलेली नाही. तिथे पाणी मोकळेपणी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाऊ शकते आणि अशा मोकळ्या पृष्ठभागामुळे बोटीची पुन्हा सरळ होण्याची ताकद घटते. बोट एका अंगावर कलते, थांबते आणि परत येत नाही. दिग्दर्शकांना हाच 'थांबण्याचा' क्षण हवा आहे.

११ फेब्रुवारी

खिडक्यांमागचे दिवे बसवले. सगळे १२ व्होल्टच्या थेट विद्युतप्रवाहावर चालतात आणि प्रत्येक जोड राळेत पूर्ण बुडवून बंद केला आहे. एलईडी मंद करणारी नेहमीची साधने दिवा भरभर चालू-बंद करून प्रकाश कमी करतात. ते डोळ्यांना कळत नाही, पण ९६ फ्रेम्सवर त्याची थरथर उमटते. म्हणून इथे प्रवाहच कमी-जास्त करून उजेड नियंत्रित केला आहे. दिव्यांचे गट कप्प्यांप्रमाणे पाडल्यामुळे पाणी जसजसे मागे सरकेल तसतसा अंधारही मागे सरकवता येईल.

छायाचित्रणकारांशी उजेडाबद्दल दीर्घ बोलणे झाले. चौपट फ्रेम्समुळे दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश, उजेड जातो. त्यातच लेन्सचे छिद्र लहान, एफ/११ च्या आसपास ठेवायचे आहे, कारण पुढचे-मागचे धूसर झाले की वस्तू छोटी असल्याचे लगेच उघड होते. दृश्य रात्रीचे असले तरी सेटवर उजेड भर दुपारसारखा लागणार.

१९ फेब्रुवारी

बोट प्रथमच पाण्यात सोडली आणि शिशाच्या लाद्यांनी पाणरेषेवर आणली. पाणरेषा जुळली म्हणजे काम संपले असे नसते. डोलण्याचा काळही जुळावा लागतो. कथेतील बोटीचा एकदा डावीकडून उजवीकडे जाऊन परत येण्याचा काळ १२ सेकंद धरला आहे, म्हणून प्रतिकृतीचा ३ सेकंद असायला हवा. सगळे शिसे तळाशी असताना बोट ढकलली की ती ताडकन सरळ होत होती, आणि तेवढ्याने ती खेळण्यातली वाटत होती. मग लाद्या थोड्या थोड्या करून आतल्या वरच्या फळीवर चढवल्या. प्रत्येक वेळी कठड्याला हात लावून बोट हलकेच कलवायची, सोडायची आणि घड्याळ पाहायचे. वजन वर गेले तसे डोलणे जड होत गेले. ३ सेकंदांवर आल्यावर लाद्या तिथेच पक्क्या केल्या. एकूण वजन तेवढेच होते, तरी काठावरून पाहणाऱ्यांना बोट मोठी झाल्यासारखी वाटली.

पाण्यात काळा रंग थोडा मिसळला आहे आणि टाकीचा तळही काळा आहे. फेस न करणारा वेटिंग एजंट (पृष्ठताण कमी करणारे द्रव्य) घातल्याने थेंब जरा बारीक होतात. उरलेले काम दाबाखालच्या हवेचे फवारे करतील, ते तुषार फोडून त्यांचे धुके करतात.

२७ फेब्रुवारी

बोट पूर्णपणे मोकळी बुडू द्यावी की यंत्राने खाली ओढावी, यावर आज मतभेद झाले. मोकळ्या बुडण्यात जिवंतपणा असतो, पण ती प्रत्येक टेकला वेगळीकडे वळते आणि चौकटीबाहेर जाऊ शकते. उलट, हायड्रॉलिक हाताने नुसती खाली दाबली तर पाणी तिच्या भोवती चुकीच्या जागी फुगते, कारण तिला पाणी खाली नेत नसते, लोखंड नेत असते. शेवटी दोन्हींचा मेळ घातला. तळाखालचा बिजागरीचा हात केवळ वाट दाखवतो. ओढतो तो शेवटच्या टप्प्यात, तेही उरलेल्या तरंगण्याच्या जोरावर मात होईल इतकाच. वजनाचे काम पाणीच करेल.

६ मार्च

मुख्य दृश्य चित्रित झाले. कॅमेऱ्याची लेन्स पाण्यापासून १० सेंटिमीटरवर होती. प्रमाणात ती बचावनौकेत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची होते, आणि बोट प्रचंड वाटायची तर नजर तिथूनच हवी.

झडपांची तार ओढल्यावर पहिले दोन-तीन सेकंद वरून पाहताना काहीच झाले नाही असे वाटले. मग नाळ खाली गेली, पुढच्या डेकवर पाण्याची पातळ पाती चढली आणि वायुवाहिन्यांच्या तोंडांतून पांढरे झोत एकामागून एक मागच्या दिशेने उडत गेले. धुराड्याचा पत्रा बुंध्याशी आधीच अर्धवट कापून ठेवला होता, आणि बोट डावीकडे कलून थबकली तेव्हा तो त्या कापावर दुमडून कोसळला. हे थबकणे पडद्यावर सुमारे सहा सेकंदांचे आहे. टाकीत ते डोळ्याची पापणी लवण्याइतकेच होते. संथ करून पाहिले तेव्हा मोकळ्या कप्प्यातले पाणी आपले काम करत होते हे स्पष्ट दिसले.

दोन टेकच्या मध्ये बोट वर काढणे हे बुडवण्यापेक्षा सावकाशीचे काम आहे. आतले पाणी निथळल्याशिवाय उचलली तर दोन टनांच्या बोटीत तेवढेच पाणी असते आणि कवच मधूनच वाकू शकते. शिवाय टाकीतले पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबावेच लागते.

१८ मार्च

मार्गिकेचा सेट पूर्ण आकाराचा आहे. तिच्या वरच्या टोकाला प्रत्येकी ३,००० लिटरच्या दोन टाक्या असून त्यांतले पाणी ३ मीटर उंचीवरून घसरगुंडीतून खाली येते. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग घर्षण सोडल्यास सेकंदाला ७.७ मीटरपर्यंत जातो. गुडघाभर पाणीही सेकंदाला २ मीटर वेगाने आले तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात. त्यामुळे पहिला लोंढा येताना मार्गिकेत कोणीही कलाकार असणार नाही, हा नियम लेखी दिला आहे. लोंढा रिकाम्या मार्गिकेतून, आणि कलाकार हळूहळू चढवलेल्या पाण्यात. या दोन्हींची सांधणी संकलनात होईल.

दारांचाही विचार केला. २ मीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद दाराच्या एका बाजूला काठोकाठ पाणी असेल तर त्यावर सुमारे १.६ टनांइतका जोर येतो. असे दार आतून उघडणे कोणालाही शक्य नाही. म्हणून सेटवरच्या एकाही दाराला खरी कडी नाही, सुटकेच्या वाटांवर दारेच नाहीत, आणि तळातले निचऱ्याचे झाकण बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे. प्रत्येक टेकला पाणबुडे आत असतील. टेक थांबवण्याचा अधिकार त्यांनाही आहे आणि त्यांनी तो वापरला तर कारण नंतर विचारायचे, हे दिग्दर्शकांनी स्वतः सर्वांना सांगितले. पाण्याजवळचे सर्व विद्युत मार्ग ३० मिलिअँपिअर गळतीला बंद पडणाऱ्या स्विचवर घेतले आहेत.

काचा साखरेच्या नाहीत, राळेच्या आहेत. साखरेची काच ओलावा शोषून चिकट होते आणि या सेटवर ती टिकणार नाही.

२४ मार्च

लोंढा आधी आणि आवाज नंतर, असा पहिला विचार होता. प्रत्यक्षात आधी वारा यायला हवा. बंद मार्गिकेत पाणी शिरते तेव्हा ते आधी हवा पुढे ढकलते, म्हणून लोंढ्याच्या दीडेक सेकंद आधी दुसऱ्या टोकाकडे जाणारा झोत पंख्याने सोडला: भिंतीवरचा सूचनाफलक फडफडतो, पडदा आडवा होतो आणि मग कोपऱ्यावर पाणी दिसते. हा दीड सेकंद मला संपूर्ण दृश्यातला सर्वात भीतिदायक भाग वाटतो. छताला झरोके मुद्दाम ठेवले होते. ते नसते तर दबलेल्या हवेने पाण्याची आघाडी मोडली असती.

कलाकारांच्या पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस ठेवले. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा फार वेगाने जाते, आणि या तापमानालाही तासन्‌तास बसले तर माणूस कुडकुडू लागतो; म्हणून वेशाखाली पातळ निओप्रीनचा (कृत्रिम रबराचा) पोशाख आणि ठरलेली विश्रांती. स्टुडिओची हवाही उबदार ठेवावी लागली. ती गार असती तर कोमट पाण्यावर वाफ दिसली असती, आणि कथेतला समुद्र बर्फाळ आहे.

२ एप्रिल

भोजनगृह पोलादी चौकटीवर उभे असून ते १५ अंशांपर्यंत कलते. त्यापुढे कलाकारांना तारेशिवाय उभे करायचे नाही. वस्तू केव्हा घसरते हे तिच्या वजनावर ठरत नाही; तिच्या पायाच्या आणि जमिनीच्या घर्षणावर ठरते. घर्षणगुणांक ०.२ असेल तर वस्तू साधारण ११ अंशांना सुटते, ०.४ असेल तर २२ अंशांपर्यंत जागची हलत नाही. या आधारावर सामानाचा क्रम लावला: ताटल्यांच्या तळाला मेण, खुर्च्यांच्या पायांना नमदा, मोठ्या टेबलांना रबर आणि शिवाय छुपे खिळे. हॉल कलू लागताच आधी चमचे निघतात, मग ताटल्या, मग एक रिकामी खुर्ची.

कलणे २३ अंशांचे भासावे म्हणून कॅमेरा उलट बाजूला ८ अंश फिरवला आणि छताचे झुंबर ताठ सळीवर त्याच कोनात पक्के केले. ही युक्ती पाणी चौकटीत येईपर्यंतच चालते. पाण्याची पातळी खऱ्या क्षितिजालाच धरून राहते आणि कॅमेरा किती फिरवला आहे ते लगेच सांगून टाकते. त्यामुळे पाणी शिरल्यानंतरचे सर्व शॉट खऱ्या १५ अंशांवरच घेतले.

९ एप्रिल

भोजनगृह पाण्यात उतरवले. टाकी भरून पातळी वर आणण्यापेक्षा सेट खाली नेणे जलद होते आणि पुन्हा टेक घेणे शक्य होते. पण लाकडी सेट म्हणजे तराफाच. या सेटमध्ये सुमारे ६ घनमीटर लाकूड आहे. ते पूर्ण बुडाले की २.४ टनांचा जोर त्याला वर ढकलतो. तेवढे वजन चौकटीच्या तळाला आधीच बांधले होते. खोट्या छताला, पोकळ खांबांना, एवढेच काय पण टेबलांच्या पायांनाही छिद्रे पाडली, कारण अडकलेली हवा नेमकी चित्रीकरणाच्या वेळी मोठ्या बुडबुड्याने सुटते आणि एखादी फळी उखडते. वर घेताना हिशोब उलटा होतो. ८० चौरस मीटर जमिनीवर ५ सेंटिमीटर पाणी राहिले तर ४ टनांचा जादा भार साखळ्यांवर येतो. म्हणून जमिनीच्या फटी मोठ्या ठेवल्या आणि उचलण्याचा वेग निथळण्याच्या वेगाहून कमी राखला.

१७ एप्रिल

पिछाडीचा पाण्याखालचा शॉट. इथे सारे काम बुडबुड्यांचे आहे. बोटीतून आपोआप सुटणाऱ्या हवेवर विसंबून चालत नाही, कारण मोठे बुडबुडे चौकट भरून टाकतात. कठड्यामागे सच्छिद्र दगडांच्या नळ्या बसवून मिलिमीटरभराचे बारीक बुडबुडे सतत सोडले आणि खिडक्यांतून मोजकेच सेंटिमीटरभराचे येऊ दिले. सेंटिमीटरभराचा बुडबुडा १६ पटीत हाताच्या पंजाएवढा दिसतो, जो खऱ्या बोटीजवळ शोभतो. मागून प्रकाश दिल्यावर ते चांदीसारखे चमकतात. पाणी आधी बराच वेळ गाळून घेतले होते. तरंगणारा धुळीचा कणही या प्रमाणात दगड दिसतो.

२१ एप्रिल

संकलकांबरोबर सर्व तुकडे क्रमाने पाहिले. मार्गिकेतला वारा आणि बाहेरच्या बोटीवरचे वायुवाहिन्यांचे झोत एकमेकांना लागून ठेवल्यावर आतले आणि बाहेरचे एकाच बोटीत घडते आहे हे आपोआप जुळले. संवादाची एक ओळ त्यामुळे काढून टाकता आली. धुराडे कोसळण्याच्या शॉटमध्ये उजव्या कोपऱ्यात एक जाड थेंब लेन्सच्या जवळून जातो, तो चौकट किंचित कापून वगळायचा आहे. दिग्दर्शकांना बोट थबकण्याचा क्षण आणखी दोन सेकंद हवा आहे. तो फ्रेम्स ताणून मिळवू नये असे मी सुचवले, कारण पाणी लगेच तेलासारखे घट्ट दिसू लागते. त्याऐवजी मधल्या कप्प्याची पाण्याची वाट अर्धी बंद करून तेवढाच शॉट पुन्हा घेता येईल. प्रतिकृती त्यासाठी टाकीच्या काठावरच ठेवली आहे, झडपा उघड्या ठेवून वाळवली आहे, आणि धुराड्याचा नवा पत्रा उद्या कापायला घेतला जाईल.